चूल तिची, पीठही तिचं

माय, तुझ्या धिटाईबद्दल मला तू होतीस तेव्हाही संशय होता, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो पुरता गेलेला नाही. ‘हाई पोर देववरबी पाळत ठेवी,’ असं तू सगळ्यांना सांगायचीस. ठेवली होतीच.

बाबांनी बाप्तिस्मा घेतला आणि शिरपूरजवळच्या आपल्या गावात भाऊबंदांनी आपल्याला वाळीत टाकलं. विहीर बंद, चुलीसाठी विस्तवही कोणी देईना. सगळ्यांत कडक काकू, तुझी सख्खी जाऊ. तू अंगणावरून गेलीस की मागून शेणसडा टाकायची. मग मानमोडीची साथ आली आणि घरोघरी माणसं तापाने आडवी झाली. काका गेले. काकू तान्ह्या पोराला कुशीत घेऊन पडलेली, तोंडात पाणी घालायला कोणी नाही. तू पदर खोचून निघालीस. मला वाटलं, हिला विहीर हवी आहे, म्हणून हे उपकार. खरं काय ते बघायला मी तुझ्या मागोमाग आले.

काकूच्या दाराशी तू थांबलीस. मी कुडाआड उभी आहे, तुझे पाय थरथरताना मला दिसतायत. तू हळूच बोलतेस, ‘येशूबाप, माले भ्याव वाटस. तू पहिले जाय, मी तुना मांगे येस.’ आणि पाहुण्याला वाट द्यावी तशी जरा बाजूला सरतेस. मी डोळे ताणून पाहिलं. आत कोणीही गेलं नाही. मग तू गेलीस.

तुझ्या हातचं खाल्लं की माणूस बाटतो, ख्रिस्ती होतो, असं सारं गाव धरून चालायचं. काकू तापातही ओरडली, ‘माले बाटाडाले उनी का तू?’ तू वाद घातला नाहीस. तिच्याच चुलीवर, तिच्याच पिठाची पेज ठेवलीस, तिला धरून चुलीपाशी बसवलंस आणि पळी तिच्या हातात दिलीस. ‘चूल तुनी, पीठ तुनं. हात लाव, म्हंजे रांधेलबी तुनंच.’ तिने पळी फिरवली आणि प्यायली. येशूचं नाव तू तिच्यापुढे काढलं नाहीस. हे कळल्यावर चर्चचे पाळक नाराज झाले. ही परत जुन्या देवांकडे तर वळत नाही ना, असं मलाही वाटून गेलं.

तू रोज जात राहिलीस. एके सकाळी काकू भिंत धरून उठली आणि तू बसायचीस ती जागा शेणाने सारवू लागली. मला इतका राग आला! तू मात्र हसत घरी आलीस. ‘ती सारवाले लागनी, म्हंजे बरी व्हयनी.’ विहीर काही उघडली नाही. माझा अंदाज चुकला, तरी मी हट्टाने म्हणत राहिले की धीर तुझा स्वतःचा होता, नाव तेवढं येशूचं.

मी आता धुळ्याच्या दवाखान्यात नर्स आहे. परवा काकूचा तोच मुलगा, आता बाप्या झालेला, माझ्या दारात आला. गावात पटकी आहे, काकूलाही झाली आहे. विहिरीत लाल औषध टाकायला गेलेल्या माणसाला, गाव बाटवायला आला म्हणून, लोकांनी दगड मारून पिटाळलं होतं. ‘अक्का, मायनी तुले बलायेल शे,’ तो म्हणाला. मी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. बोलावून दगडच मारायचे असतील तर? तरी निघाले. गावात शिरल्यावर ओट्या-ओट्यावरची माणसं उठून आत गेली.

पाणी उकळून मी पेज केली आणि आठवणीने पळी काकूच्या हातात द्यायला गेले. ती डोळे न उघडता म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे. तूच पाज.’

ती वाचेल असं वाटतं. हे पत्र तुला कुठे पाठवणार? माझ्याच पेटीत राहील. तुझ्या येशूबापावर माझा पुरता भरवसा बसला, असं अजूनही म्हणवत नाही. पण काकूच्या दारात माझेही पाय थरथरत होते, माय, आणि आत जाण्याआधी मी जरा बाजूला सरले.