एकोणीसपैकी उरलेल्या दोन

भातकुली, पोळ्याच्या करीचा दिवस

श्री. साडूबुवा महादेवराव यांस खुशालरावाचा रामराम.

अकोल्यात तुमची, जमुनाताईंची आणि मुख्य म्हणजे तुमच्या गाडीची तब्येत ठणठणीत असेलच. आमच्याकडचं काय सांगू? डोळ्याचं पाणी खळत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, त्या परदेशी कारखान्यानं ही 'वाल्डोरा' हातानं घडवली, अवघ्या एकोणीस, आणि मग मालकानं कारखाना मोडून शेळ्या पाळल्या. त्यातल्या दोन वऱ्हाडात आल्या (तुम्ही घेतली म्हणून मी घेतली, असं आमची वच्छला पाहुण्यांदेखत सांगते). बाकीच्यांपैकी एखादी गेल्याची बातमी आली की मी सुतक पाळतो. एका कुळातल्या त्या, भाऊबंदच की! एक तळ्यात बुडाली तेव्हा मी दाढी केली नाही, शेजारचे देवराव सुतकाला बसायलाही येऊन गेले. एक संग्रहालयात गेली, तिनं संन्यास घेतला असं धरलं. गेल्या महिन्यात आणखी एक जळाली आणि जगात उरल्या दोनच, तुमची नि आमची. (चिखलदऱ्याच्या घाटात गाडी जरा जोरात फिरवून आणा, वळणं फार सुंदर आहेत, असं मी फोनवर सारखं म्हणायचो, ते निव्वळ प्रेमापोटी.)

त्यात आमच्या अंकुरचं लग्न धामणगावला जमलं. नवरदेव याच गाडीतून येणार, असं व्याह्यांनी साऱ्या गावात सांगून ठेवलंय. दुसऱ्या गाडीतून आला तर मांडवात घेणार नाहीत, एवढ्या टोकाचा माणूस. मग अशी चीज दारात असताना पोळ्याला नुसते बैल काय न्यायचे? मी गाडीलाच बाशिंग बांधलं, आरशांना बेगड लावली, झूल चढवली आणि बैलांच्या रांगेत तोरणाखाली उभी केली. आदल्या रात्री पाऊस झालेला, आपली काळी माती, आणि गाडी माझ्या गुडघ्याएवढी. झडत्यांच्या, म्हणजे पोळ्याच्या गाण्यांच्या, आरोळ्या संपेपर्यंत ती दारापर्यंत रुतली. तोरण तुटलं, बैल पुढे गेले, मी तसाच उभा. वच्छला ओरडली, "बैल जुपा ना तिले! पाहून काय राह्यले?"

जुंपले. बैलांनी इमानदारीनं जोर लावला. गाडीचा पुढचा भाग तोरणापलीकडे गेला, मागचा आला नाही. गावातल्या बायकांनी दोन्ही भागांना वेगवेगळं ओवाळलं. मी लहान पोरासारखा रडलो, खोटं कशाला सांगू?

तुमचा,
खुशालराव

ता. क. आता जगात तुमचीच एक उरली. अभिनंदन. पण सुतक तुम्हालाही लागतं, दाढी करू नका.

ता. क. अंकुरच्या वरातीला तुमची गाडी लागेल. व्याह्यांना ती आमचीच म्हणून सांगतो. गाडी इथं पोचवून तुम्ही दोघं धामणगावला एसटीनं या.

ता. क. चिखलदऱ्याचं मी जे बोललो ते साफ विसरा. गाडी मूर्तिजापूरवरून, सपाट रस्त्यानं आणा, हळूहळू आणा. एकच आहे हो आपली.