खराब मालाची पिशवी

तासगाव, दि. ११ फेब्रुवारी २०२५

चि. शिवतेज यास हंबीरमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

परवा तुझा फोन आला तेव्हा नीट बोललो नाही. फोनवर मला बोलायला सुचत नाही. पलटणीत चोवीस वर्षं घरचं सगळं पत्रावर निभावलं, तेव्हा तूही कागदावरच लिही.

पुण्याची बरी नोकरी सोडून तू साताऱ्यात गाळा घेतलास आणि बेदाणा निवडणारं यंत्र करतोयस, हे अक्काकडून कळलं. इंजिनीयर होऊन शेवटी बेदाणाच निवडायचा होता, तर आधी सांगायचंस. आमच्या शेडवरच्या मनुबाईंनी आठ दिवसांत शिकवलं असतं आणि चार वर्षांची फी वाचली असती. त्या चाळीस वर्षं निवडतात. त्यांना ना वीज लागते, ना कॅमेरा. चहा मात्र दोनदा लागतो.

यंत्राचं डोकं म्हणे फुकट मिळतं, जगातल्या कुणी कुणी लिहून ठेवलेलं. फुकट ते पौष्टिक म्हणतात खरं, पण ते जेवणावळीपुरतं. ज्याला कुणी दाम लावत नाही, त्याच्या भरवशावर तू संसार मांडणार?

अक्काला सांग, गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो यंत्राला मोजायला देऊ नकोस.

तुझा,
हंबीरमामा


सातारा, दि. १६ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस, शिवतेजचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. आईनं ते शेजारणीला वाचून दाखवलं, त्यामुळे माझी जी काही इज्जत होती तीही आता गल्लीत नाही.

तुम्ही फुकट म्हणता ती आपली सावडच आहे. आज माझ्या रानात तुम्ही, उद्या तुमच्या रानात मी. कुणी एकानं कॅमेऱ्याला बघायला शिकवायची सोय लिहिली आणि उघडी ठेवली, दुसऱ्यानं त्यात भर घातली. कुलूप कुठंच नाही. मीही माझं काम तसंच उघडं ठेवणार आहे. बेदाण्याचे फोटोसुद्धा, कुठला माल, कुठल्या शेडचा, हे लिहून. उद्या नाशिकचा कुणी तेच फोटो घेऊन आपलं यंत्र करील.

काम साधं आहे. पट्ट्यावरून बेदाणा जातो, वरून कॅमेरा बघतो, खराब दिसला की यंत्र हवेचा फटका मारून त्याला बाजूला उडवतं. पण चांगलं काय आणि खराब काय, हे आधी फोटोंवरून त्याला शिकवावं लागतं. म्हणून दोन पिशव्या पाठवा, एक चांगल्या मालाची, एक खराब. खराब म्हणजे अगदी खराब. काड्या, खडे, फुटका, डागी, शेडमधून निघतं ते सगळं.

सांगलीचे व्यापारी नानासो ९ मार्चला तुमच्या शेडवर चाचणी बघायला येणार आहेत. त्यांनी यंत्र घेतलं तर गाळा राहतो. नाही घेतलं तर १ एप्रिलला पुण्याच्या कंपनीत परत हजर व्हायचं, असं आईला वचन दिलं आहे. मामा, मला परत जायचं नाही.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
शिवतेज


तासगाव, दि. २१ फेब्रुवारी २०२५

चि. शिवतेज यास आशीर्वाद. वि. वि.

एसटीच्या कंडक्टरकडे दोन पिशव्या दिल्या आहेत. तांबडी चांगल्या मालाची, पांढरी खराब मालाची. पांढरीला दोन दिवस जास्त लागले, का ते विचारू नकोस. नानासोंना निरोप दिला. ते म्हणाले, कॅमेऱ्यानं बेदाणा निवडला तर मी मिशी काढीन. त्यांना मिशी नाही, तेव्हा यातून काय ते समज.

हंबीरमामा


सातारा, दि. २ मार्च २०२५

ती. मामांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

कळवायला आनंद वाटतो की यंत्र शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर सांगतं. चार हजार फोटो शिकवले. इतका आकडा परदेशातल्या लोकांनाही सहजी मिळत नाही. काल आईनं चुकून पांढऱ्या पिशवीतल्या बेदाण्याचा शिरा केला आणि तो इतका छान झाला की तिनं उरलेलेही मागितले. मी दिले नाहीत, ते विज्ञानासाठी आहेत.

मनुबाईंना सांगा, चहा आता यंत्रालाही पाजावा लागणार. नऊ तारखेला सकाळी पोचतो. पेढे मीच आणीन.

शिवतेज


तासगाव, दि. ११ मार्च २०२५

चि. शिवतेज यास आशीर्वाद. वि. वि.

परवा तू न जेवता निघून गेलास, म्हणून हे लिहितो. पेढे शेडवरच राहिले, ते बायकांनी खाल्ले.

झालं ते झालं, पण इतकं नटून कुणी आपटलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. तुझ्या यंत्रानं उत्तम गोड बेदाणा, केवळ जरा काळपट म्हणून, फटके मारून हाकलला. काड्या मात्र सन्मानानं पुढं जाऊ दिल्या. खडाही गेला, आणि तो नेमका नानासोंच्या दाढेखाली. आता ते डाव्या बाजूनं जेवतात आणि उजव्या बाजूनं तुझं नाव घेतात. शंभरातले नव्व्याण्णव कुठं गेले, हे तुझ्या सावडीच्या मंडळींना विचार.

हंबीरमामा


सातारा, दि. १५ मार्च २०२५

ती. मामांस नमस्कार. वि. वि.

सावडीच्या मंडळींना विचारण्याआधी मी चार हजार फोटो एकेक करून पाहिले. पांढऱ्या पिशवीत एकही काडी नाही. एकही खडा नाही. फुटका दाणा नाही. धुतलेले, पुसलेले, फक्त रंगानं थोडे गडद बेदाणे आहेत. यंत्र तेवढंच शिकलं की गडद तो वाईट. खडा त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

चूक माझीही आहे. मी नव्व्याण्णव बघत बसलो, पिशवीत हात घातला नाही. शिरा चांगला झाला तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मामा, मी खराब माल मागितला होता. तो निवडला कुणी?

आईनं माझी बॅग भरायला काढली आहे.

शिवतेज


तासगाव, दि. १९ मार्च २०२५

चि. शिवतेज यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी मनुबाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आवं, मी तवाच म्हनलं व्हतं. खराब माल निवडून कुनी धाडतं व्हय? दोन दिस मला त्यातलं खडं काढाय लावलंसा. पोराला खडाच पायजे व्हता."

तर निवडायला मीच लावला. बहिणीच्या घरी काडीकचरा कसा पाठवायचा, असं मी त्यांना सांगितलं, आणि तुलाही तेच सांगणार होतो. भावाला शोभेल असं कारण आहे, कुणी नाव ठेवलं नसतं. पण ते खरं नाही. तू लिहिलंस की फोटो जगाला उघडे, शेडच्या नावासकट. हंबीररावाच्या शेडमधून खडे निघतात हे नाशिकच्या माणसानं बघावं, हे मला सोसलं नाही. निघतात सगळ्यांच्याच शेडमधून, पण तुझ्या फोटोत माझेच दिसले असते. तुला महिनाभर फुकट म्हणून हिणवलं, आणि तुझा घात माझ्या बडेजावानं झाला. मला वाईट वाटतं, शिवतेज.

काल सौद्याच्या बाजारात, चाळीस-एक व्यापारी असताना, नानासोंना हे उभं राहून सांगितलं. पोराचं यंत्र चुकलं नाही, मी त्याला खोटं शिकवलं. बाजार पोट धरून हसला. नानासोंनाही हसायचं होतं, पण दाढ दुखते. २८ तारखेला पुन्हा बघतो म्हणाले, या वेळी लांबून.

मनुबाई शनिवारच्या एसटीनं तुझ्याकडं येतायत. खराब काय ते त्या शेजारी बसून तुला दाखवतील, त्यांचा रोज मी देतो. त्यांच्यासोबत पाच किलो माल आहे, शेडच्या कोपऱ्यातून मी स्वतः झाडून भरलेला. फोटो काढ, जगाला दाखव, आणि खाली नाव पूर्ण लिही: सुभेदार हंबीरराव, तासगाव.

तुझा,
मामा