किती आतोमा?

२१ जुलै, सकाळ
आजपासून रोजनिशी. घरातली पहिली पदवीधर म्हणून हे माझं कर्तव्यच आहे. ग्रीक तत्त्वज्ञ डेमोक्रिटसचं शहर इथून अर्ध्या तासावर, पण आमच्या गावाला त्याचं काही नाही. बाबांच्या लेखी डेमोक्रिटस म्हणजे त्याच्या नावाच्या युनिव्हर्सिटीला जाणारी बस.
गावच्या लायब्ररीत सप्टेंबरपासून एक जागा भरायची आहे. सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष प्रोद्रोमोस म्हणाले, बघू, आधी मरियामातेच्या सणाला काहीतरी करून दाखव. म्हणजे जागा माझीच. तोवर बाबांच्या खाणावळीत ताटं उचलते. तात्पुरतं.

२४ जुलै
योजना पक्की. सणाच्या संध्याकाळी चौकात वादसभा: जग कशाचं बनलंय? थेलीस म्हणतो पाणी, अ‍ॅनॅक्झिमिनीस म्हणतो हवा, हेराक्लायटस म्हणतो अग्नी. आणि डेमोक्रिटस म्हणतो आतोमा, म्हणजे पुढे तोडताच येत नाहीत असे कण, आणि त्यांच्यामधली पोकळी.
विद्वान मिळेनात. म्हणून पाण्याच्या बाजूने प्लंबर लेफ्तेरिसकाका, हवेच्या बाजूने पंक्चरवाले साव्वासकाका, अग्नीच्या बाजूने बेकरीवाल्या देस्पिनामावशी. आतोमाच्या बाजूने मी आणि एव्दोकिया. बालवाडीपासूनची मैत्रीण, माझी पहिली शिष्या. माझ्या सगळ्या नोट्स स्वतः मागून घेऊन गेली. केवढी तळमळ!

२९ जुलै
पहिली प्रॅक्टिस. लेफ्तेरिसकाका म्हणाले, जग पाण्याचं आहे की नाही ते मला ठाऊक नाही बाई, पण गळतंय मात्र सगळीकडे. देस्पिनामावशी म्हणाल्या, भट्टी सोडून आलेय, पाव करपले तर तुझा हेराक्लायटस खाणार का? साव्वासकाका आलेच नाहीत. हवेच्या स्वभावाला धरूनच झालं.
एकंदरीत उत्तम.

३ ऑगस्ट
पोस्टर लागलं. 'आतोमा आणि पोकळी', चौकशीसाठी आमच्या खाणावळीचा फोन. एव्दोकियाने टाइप केलं. म्हणाली, खाली 'सर्व काही मोफत' टाकू या, गर्दी होईल. हुशार आहे.
तिचा कसलातरी अर्जही तपासून दिला. पहिलं पान तिच्याकडेच राहिलं होतं. पुस्तकांवरचं प्रेम सुंदर मांडलंय, वाक्यं ओळखीची वाटली. अकरा चुका सुधारल्या. कुठे पाठवतेस विचारलं तर म्हणाली, असंच गं.

७ ऑगस्ट
फोनवर फोन! अध्यक्षांच्या बायकोने विचारलं, किती आतोमा? मी म्हटलं, अगणित! आणि दर दोघांच्या मधे रिकामी जागा. त्या म्हणाल्या, खेटून बसवलंस तरी आमचं काही म्हणणं नाही गं. विनोदी बाई.
आणखी कुणी विचारलं, लहान आतोमाला अर्धं धरणार ना? मी म्हटलं, छे, आतोमो अर्धा होतच नाही, तोच तर सिद्धांत! पलीकडून म्हणाले, फारच उदार आहेस बाई.
गाव जागं होतंय.

१५ ऑगस्ट, रात्री उशिरा
पावणेदोनशे लोक आले. मरियामातेचा पंधरा दिवसांचा उपास आजच सुटलेला. सगळे चौकातल्या आमच्या खाणावळीच्या टेबलांशी बसले आणि काटे वाजवायला लागले. मी थेलीसपासून सुरुवात केली. मागून कुणीतरी ओरडलं, पाणी नको, कोकरू आण!
अध्यक्ष कानाशी येऊन फिसकारले, दोनशे आतोमांचं जेवण कुठाय? तेव्हा डोक्यात उजेड पडला. खाणावळीत टेबल सांगतानाही आपण तोच शब्द वापरतो. चार आतोमा, सहा आतोमा. म्हणजे चार माणसं, सहा माणसं. खाणावळवाल्याच्या मुलीला हे कळू नये!
लेफ्तेरिसकाकांनी माईक घेतला. म्हणाले, जग भुकेचं बनलंय. टाळ्या. माझाच थेलीस फुटला. देस्पिनामावशी पाव आणायला गेल्या, त्या आल्याच नाहीत. मी एव्दोकियाकडे पाहिलं. ती उठली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, मंडळी, पोस्टरची चूक आसिमिनाची, मंडळाच्या वतीने माफी मी मागते. जग कशाचंही असो, आपलं गाव आतोमांचंच बनलंय! प्रचंड टाळ्या. अध्यक्षांनी तिला मिठी मारली.
ते वाक्य माझं. नोट्स, पान नऊ, समासात.
बाबांनी शेगडी पेटवली आणि म्हणाले, रडायचं नंतर बघ पोरी, आधी ताटं घे.

१७ ऑगस्ट
संकल्प: एव्दोकियाशी जन्मात बोलणार नाही. मंडळाला मात्र सत्य कळेलच. जागा माझीच.

२० ऑगस्ट
जागा एव्दोकियाला. अध्यक्ष म्हणाले, अर्जाची भाषा निर्दोष होती.
बोलले तिच्याशी. फक्त जाब विचारण्यापुरतं. ती म्हणाली, अगं, तूच म्हणायचीस ना, हे गाव माझ्यासाठी लहान आहे. मला वाटलं, तू अथेन्सला जाणार.
मी तसं म्हणायचे. पण ते तिने खरं धरावं?

३ सप्टेंबर
लायब्ररीत गेले. सभासद व्हायला. एव्दोकियाने कार्ड भरायला घेतलं. नाव तिने विचारलं नाही, पत्ताही नाही. व्यवसाय विचारला. मी म्हटलं, तत्त्वज्ञानाची अभ्यासक. ती मान खाली घालून लिहीत राहिली. कार्ड हातात आल्यावर बघितलं. 'खाणावळीत वाढपी' असं लिहिलं होतं. अक्षर सुरेख, व्याकरणाची एकही चूक नाही.
घाईत होते. साडेबाराला टेबलं लावायची होती.