ठकुराईन दार उघडते का

माय, या रविवारी आम्ही पाहिलेला पिक्चर तुला आवडला नसता. हिरो बैलगाडीचं चाक एका हातानं उपटतो अन् त्याच चाकानं बाजारभर माणसं झोपवतो, तरी त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला चिखलाचा एक डाग लागत नाही. तू म्हणाली असतीस, "हा कवा शेताच्या धुऱ्यावरून तरी चालला हाय का?" त्याच्या आधीच्या रविवारी भुताचा होता. ते भूत इतकं बोलायचं की भीती जाऊन त्याला बसायला पाट द्यावा असं वाटत होतं. अन् त्याच्या आधी एका म्हाताऱ्याचा पाहिला, बंद पडलेला रेडिओ घेऊन गावोगाव फिरणाऱ्या. मारामारी नाही, गाणं नाही, खोलीतले सगळे झोपले. मला मात्र तो आवडला. तो म्हातारा बोलता बोलता थांबायचा, अन् पुढं काय ते समोरच्याला आपोआप समजायचं. तूही तशीच थांबायचीस.

मी आता गुजरातेत असतो, टाइल्सच्या कारखान्यात. भट्टीतून निघालेला माल पाहायचा, फुटका बाजूला काढायचा, चांगला पेटीत भरायचा. त्याच्या आधी हैदराबादला हॉटेलात होतो, त्याच्या आधी सुरतेला. सातवीत शाळा सोडली तेव्हा तू म्हणाली होतीस, "याच्या पायाले भिंगरी हाय, हा कोठीच टिकत नाही." खरंच टिकलो नाही. इथं खोलीत आम्ही चौघं. एक आपल्या लाखनीकडचा, माझ्याच वयाचा. एक यूपीचा, त्याला फक्त मारामारी लागते. अन् एक ओडिशाचे दादा, सगळ्यांत मोठे. तेच भात शिजवतात अन् कोणत्याही पिक्चरात रडतात, भुताच्या पण. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा करायचा अन् चौघांनी पोटावर पडून पाहायचं. संपला की ज्याचं त्याचं मत. यूपीवाला म्हणतो, "टाइमपास है." लाखनीवाला म्हणतो, "एकदा पाहासारखा हाय." चांगल्याला तेच म्हणतो, वाईटालाही तेच. मी म्हणतो, माझ्या मायनं सांगितला असता तर याच्यापेक्षा चांगला झाला असता. आधी ते हसायचे.

त्यांना काय सांगू की आमच्याकडं पिक्चर धानाच्या बांधीत, चिखलाच्या खाचरात चालायचा. रोवण्याच्या दिवसांत तू मालकाच्या बांधीत उतरायचीस, तुझी पात मधात, डाव्या हाताला शेजारची काकी, उजव्या हाताला मी. सगळ्या बाया वाकून धान रोवत मागं मागं सरकत आहेत, पाण्यात चुळूक चुळूक आवाज होतो आहे, अन् तू सुरू करतेस, "त काय झालं, तो इस्पेक्टर घरी आला." शहापूरला मामाच्या घरी टीव्ही पाहून आलीस की तुझ्याजवळ नवा पिक्चर असायचा. मारामारी आली की तुझा हात जलद चालायचा, म्हणून सगळ्यांचा चालायचा. रडण्याचं गाणं आलं की सगळी रांग हळू व्हायची. मालकाला हे बरोबर समजलं होतं. आभाळ भरून आलं की तो धुऱ्यावर छत्री टेकून ओरडायचा, "अवं, आज मारामारीचा सांग वं बाई, पाण्याच्या आधी ही बांधी उरकली पाहिजे." अन् तू मान वर न करता म्हणायचीस, "मालक, आज हिरोची माय मेली हाय. आज काम हळूच होईन."

इतके पिक्चर पाहिले मी आता, पण तुझ्यासारखं सांगणं कोणाचं नाही. तुझ्या पिक्चरात व्हिलनचेही पाय दुखायचे. हिरोईन रागावली तरी आधी शेळीला पाणी दाखवायची.

त्या सालचा उन्हाळा तुला आठवतच असेल. काकीची पोरगी, जिला मी ताई म्हणायचो, ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरासोबत निघून गेली. पोरगा मेहनती होता, पण जात वेगळी. काका आधीच वारले होते. काकीनं ताईचे कपडे बाहेर काढून वाटून टाकले, अन् गावात जो विचारेल त्याला एकच सांगितलं, "मले पोरगीच नाही." ताई एकदा आली होती, एकोडीच्या फाट्यावरून चालत. काकीनं दार लावून घेतलं. ताई अंगणात बसून राहिली, ऊन उतरलं तशी उठून गेली. तू काकीला समजवायला गेलीस तर काकी घरातून निघून बोडीच्या पाण्याकाठी जाऊन बसली. चुलीजवळ बोललीस तर ताटावरून उठली. तुझा निरोप म्हणून कोणी काही सांगायला गेलं तर त्याच्याशीही बोलणं बंद.

मग रोवणा लागला, अन् तू शहापूरला दोन दिवस जाऊन आलीस, अन् ठकुराईनचा पिक्चर सुरू केलास.

नदीच्या काठावर मोठी हवेली. त्यात एक विधवा ठकुराईन अन् तिची एकुलती एक पोरगी. पोरगी नाववाल्यासोबत पळून जाते. ठकुराईन दवंडी देते की मला पोरगी झालीच नव्हती. हवेलीत एक भेंगा, तिरळ्या डोळ्याचा नोकर असतो, तो खायला दोन अन् काम करायला एकही नाही. ठकुराईनला राग आला की ती भाजीत दोनदा मीठ टाकते अन् नोकर तशीच गिळतो. सगळ्या बाया हसायच्या, काकी सगळ्यांत जास्त. हातातले पऱ्हे, धानाची रोपं, पाण्यात पडेपर्यंत हसायची. रोज थोडा थोडा पिक्चर पुढं जायचा. पोरगी तिकडं नांदते, तिला लेकरू होतं, ती निरोप पाठवते, ठकुराईन तो ऐकूनही घेत नाही. अन् एक दिवस पोरगी लेकरू घेऊन भर पुरात नाव घालते. नाव काठाला लागते. पोरगी चिखलातून हवेलीपर्यंत येते अन् कडी वाजवते. ठकुराईन आत उभी आहे.

तू तिथं थांबलीस. काकी म्हणाली, "उघडू नये तिनं."

पलीकडून कोणीतरी म्हणालं, "अवं, उघडीन. नाही त पिक्चर चालंन का?"

"काहून उघडीन? मेली त मेली पोरगी तिच्यासाठी."

तू हसून म्हणालीस, "पिक्चर काय तुया मनानं चालते? उद्या सांगीन, उघडते का नाही ते."

दुसऱ्या दिवशी तुला ताप आला. तिसऱ्या दिवशी गाडी करून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथून परत आली ती तुझी मातीच, बोलायला तू नव्हतीस.

तेव्हापासून काकी मला विचारते. मी गावी गेलो की विचारते, फोन केला की विचारते. तब्येत कशी, जेवला का, अन् मग, "बाबू, सापडला का रे तो पिक्चर?" मी शोधला, माय. हैदराबादच्या हॉटेलात भांडी घासताना टीव्हीकडं डोळा ठेवून शोधला. मोबाइल आला तसा मोबाइलात शोधला. हवेली दिसली की थांबायचो, नाव दिसली की थांबायचो. भेटेल त्याला विचारलं. कोणी म्हणे जुना काळा-पांढरा असेल, कोणी म्हणे साउथचा. काकी आता रोवण्याला जात नाही, कंबर धरते. ताईला दोन लेकरं आहेत, राजनांदगावकडं राहते. तिचा नंबर माझ्याजवळ आहे, निम्म्या गावाजवळ आहे, फक्त काकीजवळ नाही. ताई कधीकधी विचारते, "माय माही याद करते का रे?" मी म्हणतो, तब्येत चांगली हाय तिची.

मागच्या महिन्यात एका रविवारी कोणाच्याच मोबाइलात नेट नव्हतं. यूपीवाला भिंतीला पाय लावून पडला होता, मला म्हणाला, तूच सांग तुझ्या मायचा पिक्चर. मी ठकुराईनचा सांगितला. तुझ्यासारखा नाही जमला, पण भेंगा नोकर जमला. भात करपला तरी कोणी उठलं नाही. दादा ठरल्याप्रमाणे रडले. कडी वाजली तिथं मी थांबलो तर यूपीवाला म्हणाला, "आगे?" मी म्हटलं, आगे मालूम नहीं. त्यानं मला चप्पल फेकून मारली.

लाखनीवाल्याचं मत राहिलं होतं. मला वाटलं, आता म्हणेल एकदा पाहासारखा हाय. तो म्हणाला, "बाकी ठीक हाय. पर ठकुराईन अन् स्वतःच्या हातानं कोंबड्या झाकते?"

"मंग?"

"अन् नोकर असून स्वतःच भाजी कायले रांधते? अन् भाजी कोणती, त अंबाडीची. हवेलीत कोण अंबाडीची भाजी खाते बे?"

"मायनं सांगितलं तसं सांगितलं."

"हे ठकुराईन पिक्चरातली नोहे," तो म्हणाला. "हे तुया गावची बाई हाय."

खरकटी ताटं समोर होती अन् मी तसाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी मामाला फोन केला. विचारलं, त्या साली रोवण्याच्या आधी माय आली होती, तेव्हा तुमच्या टीव्हीवर कोणता पिक्चर पाहिला तिनं? मामा म्हणाला, "त्या साली कोठचा टीव्ही? वीज पडून जळला होता तो. तुई माय दोन दिवस नुसती माह्या ओसरीत बसून होती. चहा दिला त थंडा करे. मी म्हटलं, काय इचार करून राहिली वं? त म्हणे, काही नाही, एक काम हाय, जमते का पाहतो."

म्हणजे दोन दिवस बसून तू तो बनवलास. काकी चुलीजवळून उठायची, अंगणातून उठायची, पण रोवण्यातून कशी उठणार. दोन्ही हातांत पऱ्हे, दोन्ही बाजूला बाया, अन् तिची पात तुझ्या पातीला लागून. तू तिला तिथं धरलंस अन् आधी हसवलंस. मी रोज तुझ्या उजव्या हाताला वाकून होतो, अन् मला वाटलं तू टाइमपास करून राहिली आहेस.

परवा सुट्टी होती. दुपारी काकीला फोन लावला. तब्येत झाली, जेवण झालं. मग तिनं विचारलं, "सापडला का रे तो पिक्चर?"

मी म्हटलं, "काकी, तो पिक्चर नव्हताच. मायनं बनवला होता."

तिकडं कोंबड्या ओरडत होत्या, तेवढं ऐकू येत होतं. मग काकी म्हणाली, "मले का येडी समजते का तू? भाजीत दोनदा मीठ टाकणारी ठकुराईन कोण्या पिक्चरात राहते? पयल्याच दिवशी समजलं होतं मले."

"मंग तू हसत होती ते?"

"मंग का रडू, सगळ्या बायाइच्या समोर?"

"अन् दर वेळी मले कायले विचारते, सापडला का म्हणून?"

"पुढचं तुले त सांगितलं असंन तिनं. तू तिचा पोरगा. दवाखान्यात जवळ तूच होता." मग तिनं हळूच विचारलं, "सांगितलं होतं का रे?"

मी म्हटलं, "हो."

"मंग इतके साल काहून नाही बोलला?"

"मले वाटे, तू रागावशीन."

"आता सांग."

मी खोलीच्या बाहेर आलो. सांगायला काही ठरवलेलं नव्हतं, माय. रेडिओवाल्या म्हाताऱ्यासारखा थोडा थांबलो. मग सांगितलं की ठकुराईन आत उभी राहते. कडी पुन्हा वाजते. नोकर उठत नाही, तो झोपला आहे. मग ठकुराईन स्वतःच दार उघडते. पोरगी उभी आहे, काखेत लेकरू, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. ठकुराईन तिच्या पायाकडं पाहते अन् म्हणते, "पाय धुऊन ये."

काकी म्हणाली, "मंग?"

"मंग काही नाही. संपला."

"एवढंच?"

"एवढंच."

"गाणं नाही? गळ्यात पडणं नाही?"

"नाही."

"मंग चांगला हाय पिक्चर," काकी म्हणाली. तिकडं तिनं कोंबड्या हाकलल्या.  मग म्हणाली, "तिचा नंबर हाय ना रे तुयाजवळ? मले माहीत हाय, सगळ्यायजवळ हाय. तिले सांगजो, पाणी भरून ठेवलं हाय म्हणा दाराशी. जास्त काही बोलू नको."

मी जास्त काही बोललो नाही. ताईला तेवढंच सांगितलं.  ती म्हणाली, "येत्या बुधवारी निघतो." लाखनीवाला रोज विचारतो, काय झालं तुया ठकुराईनचं. मी म्हणतो, बुधवार होऊ दे.

फोन ठेवता ठेवता काकीनं पुन्हा विचारलं होतं, "तुया मायनंच सांगितला ना असा शेवट?" मी पुन्हा हो म्हटलं. तुला तर माहीत आहे, दवाखान्यात तू पिक्चरचं नावही काढलं नव्हतंस. तिकडं नेताना गाडी कारधाच्या पुलावर आली तेव्हा तू डोळे उघडलेस, भरलेली नदी पाहिलीस अन् मला एवढंच विचारलंस, "बांधी उरकली का रे?" तेव्हाही मी हो म्हटलं होतं. उरकली नव्हती, माय. तुझी पात तशीच राहिली होती.