मुरूम दोन प्रकारचा असतो

तीर्थरूप अक्का,

धाकट्या शेषेरावचा तुला आणि दाजींना वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं कितपत ते पुढे वाचून तूच ठरव. तुझे गुडघे कसे आहेत? दाजी चहात साखर चोरून घालतात ते थांबलं का? तुझ्या आदिनाथच्या लग्नाची पत्रिका पोचली. छान छापली आहे (माझ्या नावाच्या आधी महादेवप्पाचं नाव घातलंय, पण असू दे, त्याचा टिप्पर आहे). नांदेडला फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण मोबाईलवर दोन ओळी लिहून मी जे करून ठेवलं, त्यानंतर त्याला हात लावायची भीती वाटते.

झालं असं. आपल्या शेताच्या पाणंद रस्त्यावर मुरूम टाकायचं काम निघालं होतं. महादेवप्पाचे टिप्पर येत होते, ढीग पडत होते, आणि मी ढिगापाशी उभा होतो. तेवढ्यात लातूरहून वर्षाराणीचा मेसेज आला: ‘बाबा, मुरूम लई वाढलेत. कमी झाल्याशिवाय मी लग्नाला येत न्हाई.’ मला पोरीचं फार कौतुक वाटलं. डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करतेय, तरी घरच्या रस्त्याची काळजी आहे. आता तूच सांग, आपल्या घरात तोंडावरच्या फोडांना पुटकुळ्या म्हणतात. मुरूम हा खदानीतून येतो. मी लगेच उत्तर पाठवलं: ‘फिकीर करू नको. अजून चार टिप्पर येणार हायत. सगळा पसरून, वरून पाणी मारून रोलर फिरवू. लग्नापर्यंत एकदम चोपडं दिसंल.’ तिला खात्री पटावी म्हणून खाली रोलरचा फोटोही पाठवला.

त्यानंतर तिचा फोन बंद. मी समजलो, अभ्यासात असेल. दुसऱ्या दिवशीही बंद. मग मी तो मेसेज वर्षाच्या आईला दाखवला. ती आधी हसली, मग रडायला लागली, आणि मग माझ्यावर अशी घसरली की मुरूम दोन प्रकारचा असतो हे मी जन्मभर विसरणार नाही.

त्यातून आणखी गोंधळ. मला वाटलं होतं, पुटकुळ्या या वयात कुणाला चुकल्यात? येतात आणि जातात. पण घरात चौकशी केली तर कळलं, वर्षाच्या आईनं तिला हरभऱ्याचं पीठ घासायला सांगितलं होतं, शेजारणीनं टूथपेस्ट, आणखी कुणी लिंबू. शेंगदाण्याची चटणी उष्ण म्हणून तिच्या डब्यातून कधीच गेली होती. महादेवप्पा म्हणाला, “लगीन झालं की आपोआप जातेत.” (त्याला नातवंडं झाली, पाठीवरचे फोड अजून आहेत.) ज्याला विचारावं त्याच्याकडे औषध होतं, फक्त पोरीला कसं वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. त्या कुणीमध्ये मीही आलो.

शेवटी अहमदपूरहून एसटी पकडून लातूर गाठलं. क्लास सुटला तर सगळ्या पोरींच्या तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे दिसतात. आपली कोणती ते मला ओळखू येईना. एकीला ‘वर्षे’ म्हणून हाक मारली तर ती घाबरून पळाली. मग मागून आवाज आला, “रोलर कुठं लावलाव, बाबा?” ती हसत नव्हती. आम्ही रसवंतीवर जाऊन बसलो. रस प्यायलाही तिनं स्कार्फ काढला नाही, खालून ग्लास आत घेतला. म्हणाली, “डाऊट विचारायला उभं राहिलं की सगळे तोंडाकडं बघतेत. म्हणून मी विचारतच न्हाई.” खोलीतल्या आरशावर तिनं वर्तमानपत्र चिकटवलंय म्हणे. अक्का, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. पोरीचा अभ्यास पुटकुळ्यांनी अडवलाय आणि मी आपला रस्ता चोपडा करत बसलो होतो.

तिला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हे घाणीनं होत नाही, उष्णतेनं होत नाही, पोरीचा काही दोष नाही. कातडीखाली तेलाच्या गाठी असतात, या वयात तेल जास्त सुटतं, गाठींची तोंडं बुजतात. घासायचं नाही, फोडायचं नाही, मेडिकलवरून मनानं मलम आणायचं नाही. दिलेलं औषध दोन-तीन महिने लावायचं. मी विचारलं, फवारणीसारखं एकदाच जोरात काही मारता येत नाही का? त्यांनी चिठ्ठीवरच्या ‘दोन-तीन महिने’खाली दोन रेघा मारल्या. दोष कुणाचाच नाही आणि उपाय लगेच नाही, असा रोग मला अजून नीट कळलेला नाही.

पण पोरगी लग्नाला यायला तयार झाली आहे. दाजींना नमस्कार, नवरदेवाला आशीर्वाद.

तुझा,
शेषेराव

ता. क. : येताना शेंगदाण्याची चटणी आणतो. डॉक्टरीणबाईंनी तिला बंदी घातलेली नाही.

ता. क. दुसरा : खरं सांगायचं ते अजून राहिलंच. वर्षानं येण्याला अट घातली आहे आणि ती तुझ्याबद्दल आहे, म्हणून एवढं लांबण लावलं. नागपंचमीला ती तुझ्याकडे आली तेव्हा तू दारातच तिची हनुवटी धरलीस, तोंड उजेडाकडे वळवलंस आणि सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, “बया, हिच्या तोंडाचं काय झालं गं?” मायेनंच म्हणालीस, मला माहीत आहे. पण स्कार्फ तेव्हापासूनचा आहे. या वेळी तोंडाबद्दल काही बोलू नकोस. रागवायचं तर माझ्यावर रागव.

ता. क. तिसरा : मग बोलू तरी काय, असं तू म्हणशील. मलाही सुचेना, म्हणून तिलाच विचारलं. आत्यानं अभ्यासाचं विचारावं का? नको म्हणाली. मार्कांचं? ते तर नकोच. मग आत्यानं म्हणायचं तरी काय? तिनं स्कार्फची गाठ सारखी केली. मग म्हणाली, “‘वर्षे, आलीस का?’ एवढंच म्हणू द्या.”