या जोडणीचा मालक

सोमवार, ६ मार्च

आज रुजू झालो. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी पूर्वेला. टेबल मी स्वतः पुसून घेतले. माझ्या शब्दावर धाकट्या बहिणीलाही इथेच हिशेबाच्या विभागात घेतले आहे. सकाळी वाटभर ती दुकानांच्या पाट्या मुद्दाम चुकीच्या वाचत होती, मी दुरुस्त केल्या की टाळ्या पिटत होती. दादाला एक चूक द्यावी आणि गंमत पाहावी, हा तिचा लहानपणापासूनचा खेळ. मन प्रसन्न आहे.

काम साधे आहे. इथून कुणी बाहेरच्या संगणकाशी जोडणी केली, की पलीकडून विचारणा येते: या जोडणीचा मालक कोण? आपल्या सर्व्हरने नाव कळवायचे. माझ्या आधीच्या गृहस्थांचा प्रोग्राम प्रत्येक विचारणेला एकच उत्तर देत होता: ‘सांगता येत नाही.’ इतका निर्लज्ज आळस मी प्रथमच पाहिला. तो प्रोग्राम पुसून टाकला.

बुधवार, ८ मार्च

नवा सर्व्हर उभा राहिला. निष्णात वाढपी एका टेबलाची मागणी आत कळवतो आणि ती तयार होईपर्यंत दुसऱ्या टेबलाकडे वळतो, तसा हा कुणासाठीही खोळंबत नाही. चालू विचारणा लक्षात ठेवण्यासाठी सर्व्हरच्या स्मृतीत मी एकच खण केला आहे. प्रत्येकीला वेगळा खण देण्याचा पसारा मला पाहवत नाही.

या कार्यालयात केस पिकवलेल्या लेखापाल बाई, ज्यांना सगळे ताई म्हणतात, दारातून डोकावल्या. म्हणाल्या, की विद्वान, आधीचा माणूस काही खुळा नव्हता हो, ते उत्तर त्याने मुद्दाम ठेवले होते. पलीकडून कोण विचारते, हे तरी तुम्हांला ठाऊक आहे का? मी सांगितले, की विचारणा नियमाप्रमाणे येते, उत्तरही नियमाप्रमाणे जाईल. त्यावर त्या म्हणाल्या, की मग बसा त्या नियमाच्या गळ्यात गळा घालून.

शुक्रवार, १० मार्च

भांडारातल्या काटकुळ्या माणसाला सगळे पैलवान म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत तो जागचा उठला नाही. बोटे कळफलकावर चालत होती. संगणक बंद केला तरी चालतच होती. पापण्या मिटत नव्हत्या. बायकोला बोलावले. ती ओल्या रुमालाने त्याचे सुकलेले डोळे पुसत राहिली. त्याने तिचा हात धरून विचारले, की हा हात कुणाचा? ती रडत म्हणाली, की अहो, माझा, माझाच की. दोघांना गाडीत बसवले, तेव्हा तिचीही बोटे मांडीवर चालू लागली होती.

मी नोंदी तपासल्या. सर्व्हरने शेवटचे कळवलेले नाव पैलवानाचे होते, आणि ती जोडणी त्याचीच होती. उत्तर अचूक होते. माझ्यापुरता विषय संपला.

सोमवार, १३ मार्च

वरच्या मजल्यावरचे आणखी दोघे तसेच, बोटे चालवत गेले. दोघांचीही नावे आधी सर्व्हरने कळवली होती. मोठे साहेब मात्र खुशीत आहेत. खरी नावे जाऊ लागल्यापासून बाहेरची कामे कशी सरळ होतात, असे त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारून सांगितले. माणसे काय, नवी मिळतील, म्हणाले.

ताई आज थट्टा न करता आल्या. जुने उत्तर परत ठेवा, म्हणाल्या. शिकलेले गाढव आहात, पण हात जोडते. ती एक ओळ मी क्षणात लिहिली असती. परंतु ती लिहिणे म्हणजे आधीचा आळशी शहाणा होता, यावर सही करणे.

तरीही धाकटी दिवसभर बाहेर जोडण्या करते. म्हणून एक अपवाद घातला: जोडणी कुणाची याचा शोध पूर्ण झाला, की उत्तर देण्यापूर्वी खणात पाहायचे, विचारणा धाकटीच्या जोडणीची असेल, तर तिच्या नावाऐवजी दुसरे नाव कळवायचे.

नाव ताईंचे घातले. गाढव म्हणाल्या होत्या.

मंगळवार, १४ मार्च

धाकटीची विचारणा आली. शोध चालू असतानाच ताईंची आली आणि त्याच खणात जाऊन बसली. धाकटीचा शोध पूर्ण झाला, अपवादाने खणात पाहिले — खणात ताई. अपवाद लागलाच नाही. धाकटीचे खरे नाव गेले. मागोमाग ताईंचे गेले.

एकच खण. मीच केलेला.

ताई एरवी बाहेर जोडणी करत नसत. आज पहिल्यांदाच केली — आधीच्या माणसाकडे त्याचा प्रोग्राम मागायला.

बुधवार, १५ मार्च

सर्व्हर बंद केला. पैलवानाच्या घरून निरोप आला, की बोटे थांबत नाहीत. ताईंचीही नाहीत.

धाकटीला घरी आणले. माझ्यासमोर बसली आहे. बोटे टेबलावर. डोळे मी ओले करतो. ती माझ्या हाताकडे पाहते आणि विचारते, हा कुणाचा. पैलवानाच्या बायकोने उत्तर दिले होते. मी देणार नाही.

गुरुवार

विचारणे थांबले. आता उत्तरे स्वतःच देते. हा हात ताईंचा, म्हणते. चूक. मी गप्प.

हा हात पैलवानाचा, म्हणते. चूक — माझ्याकडे पाहून हसली. पाट्या वाचताना हसायची तसेच. टाळ्यांसाठी हात उचलून धरले आहेत —

शुक्रवार

पुन्हा ताईंचा. पुन्हा. सकाळपासून. इतके धडधडीत चुकीचे उत्तर, आणि खोलीत कुणीही ते —

बोलणार नाही. तोंड उघडणार नाही. फक्त इथे, कागदावर, एकदाच बरोबर लिहून ठेवतो, म्हणजे डोके शांत — हा हात मा