कूस बदलण्यास परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय अधिकारी,
निद्राविकार तपासणी कक्ष,
जलवाहतूक विभाग,
दुसरा मजला, पाण्याच्या टाकीकडील जिना.

विषय : अर्जदाराची कुशीवर झोपलेल्या अवस्थेत फेरतपासणी करणेबाबत; तसेच सुनावणीत अधिकाऱ्याच्या मानेस हात घातल्याच्या आरोपाचा खुलासा.

संदर्भ : आपले कारणे दाखवा पत्र. त्यावर जावक क्रमांक आहे, सही आहे, दोन शिक्के आहेत. तारीख नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की ('सविनय' हा शब्द आपल्या कार्यालयाच्या नमुन्यात आधीच छापलेला आहे, तो मी खोडलेला नाही याची नोंद घ्यावी) :

१. मी या विभागात नदीच्या दोन्ही तीरांदरम्यान चालणाऱ्या प्रवासी बोटीचा मुख्य चालक आहे. 'होतो' असे लिहिण्याचा आदेश अद्याप निघालेला नसल्याने 'आहे' असे लिहीत आहे. सध्या मला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवण्यात आले असून तेथील छत्र्या, एकेकट्या चपला आणि एक कवळी यांची देखरेख माझ्याकडे आहे. कवळीचा मालक अजून फिरकलेला नाही. बोट ज्याच्या हाती दिली आहे त्यास धक्क्यावर सगळे 'ठोक्या' म्हणतात. हे नाव त्यास का पडले याचा शोध घ्यावयाचा झाल्यास आपण धक्क्याच्या लाकडी कठड्याची पाहणी करावी. जेवढा उरला आहे तेवढ्याची. आपल्या पत्रानुसार महिनाअखेर मला, बोट चालवताना झोप लागेल या कारणास्तव, 'कायमस्वरूपी अयोग्य' ठरवून ती बोट ठोक्याकडे कायम करण्यात येणार आहे. मला माझी बोट परत हवी आहे. अर्ज एवढाच आहे. पुढील मजकूर आपल्या कार्यालयाशी गाठ पडल्यामुळे वाढला आहे.

२. मला झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे, हे मी नाकारत नाही. तो माझ्या पत्नीच्या सांगण्यावरून मी आपण होऊन कळवला होता. या विभागात आपण होऊन काही कळवणारा मी पहिलाच असावा, कारण तो कागद कोणत्या टेबलावर ठेवायचा हेच बराच काळ कोणाला ठरवता येईना. विकाराचे स्वरूप साधे आहे. उताणा झोपलो की जीभ मागे जाते, घसा मिटतो आणि श्वास थांबतो. कुशीवर झोपलो की यातले जवळपास काहीही होत नाही. हे ज्ञान माझे नव्हे. आपल्याच कक्षाच्या भिंतीवर आपल्याच सहीचे माहितीपत्रक लावलेले आहे, त्यात 'अशा रुग्णांनी शक्यतो कुशीवर झोपावे' असे ठळक अक्षरांत छापले आहे. त्याच्या खाली सूचना आहे : 'तपासणी चालू असताना कूस बदलू नये. वायर निघाल्यास रुग्ण जबाबदार राहील.' दोन्ही कागद एकाच टाचणीत टोचलेले आहेत. कार्यालयाने एक टाचणी वाचवली याबद्दल अभिनंदन.

३. तपासणीच्या रात्री आपल्या तंत्रज्ञाने माझ्या छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि डोक्याला वायरी लावून दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या चादरी खोचल्या. मी झोपेत कूस बदलली की तो येई आणि मला पुन्हा उताणा करून जाई. "काका, सरळ झोपा ना, आलेख खराब येतो," असे तो म्हणाला. मुलगा स्वभावाने चांगला आहे. तो प्रत्येकालाच असे झोपवतो आणि त्याचे आलेख स्वच्छ येतात म्हणून आपण त्याची पाठ थोपटता, असे त्यानेच अभिमानाने सांगितले. अहवालात मात्र आले ते असे : 'रुग्ण संपूर्ण वेळ पृष्ठाधार शयनस्थितीत स्वस्थ होता. विकार तीव्र.' पृष्ठाधार शयनस्थिती म्हणजे उताणे झोपणे. माणसाला पाण्यात बुडवून धरायचे आणि त्याला पोहता येत नाही असा दाखला द्यायचा, यातला हा प्रकार आहे. मी नदीवर आयुष्य काढले आहे, त्यामुळे मला हे लगेच कळले.

४. या अहवालाच्या आधारे मला झोपेत नाकावरच्या मास्कमधून हवा ढकलणारे श्वासाचे मशीन देण्यात आले व त्याचा दाब उताण्या माणसाला लागेल एवढा ठेवण्यात आला. घरी मी कुशीवर झोपतो. परिणामी मास्कच्या कडेने हवा शिट्टी मारत बाहेर पडू लागली. "अहो, तुम्ही झोपलायत की कुकर लावलाय?" असे पत्नीने विचारले. मशीनने हवागळतीची नोंद इमानेइतबारे आपल्याकडे पाठवली. त्यावर आपले पत्र आले की 'अर्जदार उपचारास सहकार्य करीत नाही. मास्क नीट बसण्यासाठी त्याने पृष्ठाधार शयनस्थिती स्वीकारावी.' म्हणजे ज्या स्थितीत मला विकार होत नाही ती सोडून द्यावी, ज्या स्थितीत होतो तीत यावे, नीट आजारी पडावे, मग आपला उपचार नीट लागू पडेल. आपल्या सहायक डॉक्टर बाईंना मी हे दाखवले. कुशीवर याहून बराच कमी दाब पुरेल, तशी तपासणी करून मशीन लावून घेतले की प्रश्न मिटला, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. मात्र फेरतपासणीचा अधिकार साहेबांचा, म्हणून त्यांनी हात वर केले. त्यांना मी दोष देत नाही. आपल्या हाताखाली टिकायचे म्हणजे हात वर करण्याची सवय लागणारच.

५. फेरतपासणी मागितल्यावर, मी खरोखर कुशीवर झोपतो याचा पुरावा मागण्यात आला. माझ्या पत्नीने जुन्या बनियनला पाठीमागे खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घातला आहे. तो घालून उताणे होता येत नाही, चेंडू टोचतो. ते बनियन मी कार्यालयात सादर केले. लिपिकाने ते दोन बोटांत धरून 'हे वापरात आहे याचा पुरावा काय' असे विचारले. वास्तविक ते धुवायचे राहिले होते, त्यामुळे हा प्रश्न नाक असलेल्या माणसाने विचारायला नको होता. पत्नीने लेखी निवेदन दिले. ते फेटाळताना कार्यालयाने कारण दिले की त्या वेळी ती स्वतः झोपलेली असणार, सबब तिचे निवेदन ऐकीव ठरते. आणि ती जागी असल्यास तिची झोप अर्जदारामुळे मोडते असे सिद्ध होऊन विकाराची तीव्रता शाबीत होते. यानंतर शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी लिहून दिले की पूर्वी भिंतीपलीकडून माझे घोरणे ऐकू येई, चेंडू आल्यापासून येत नाही. त्यावर त्यांच्या कानांच्या तपासणीचे प्रमाणपत्र मागवण्यात आले. बाईंनी ते आणले. त्यांचे कान उत्तम आहेत. आपल्या लिपिकाविषयी त्यांनी काढलेले उद्गार मला शेजारच्या घरातून ऐकू आले, यावरून माझेही ठीक असावेत.

६. आता सुनावणीबाबत. आपल्या पत्रात म्हटले आहे की 'पूर्ण संधी देऊनही अर्जदाराने तोंडी म्हणणे मांडले नाही. उलट तो टेबल ओलांडून आला व त्याने अधिकाऱ्याच्या मानेस हात घातला.' यातील एकही शब्द खोटा नाही. फक्त मधला भाग गाळला आहे, कारण त्या भागात आपण उपस्थित नव्हता.

सुनावणी जेवणानंतर ठेवली होती. आपली नवी खुर्ची मागे कलते. आपण "हं, बोला," म्हणालात. मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत आपली मान मागे गेली होती, तोंड उघडले होते आणि घोरणे सुरू झाले होते. मला हसू आले. ज्या माणसाने मला कामाच्या वेळी जागा राहण्यास अयोग्य ठरवले तो कामाच्या वेळी माझ्यासमोर घोरत होता, आणि मी बोटीवर आजवर एकदाही डुललेलो नाही. आपल्या खुर्चीत प्रवासी चढत नाहीत हे त्यांचे नशीब, असे मनात येऊन मी मजेत बघत बसलो. मग घोरणे थांबले. आधी मला बरेच वाटले, म्हटले साहेब शांत झोपले. पण छाती वरखाली होत होती आणि हवा आत जात नव्हती. ओठांचा रंग बदलू लागला. मग आपण बुडता बुडता वर आल्यासारखा एक आचका दिलात, श्वास घेतलात, आणि पुन्हा तेच सुरू झाले.

साहेब, मी हे कधीच पाहिले नव्हते. मी ते कैक वर्षे केले आहे, पण मी त्या वेळी झोपलेला असे. पाहत होती ती माझी पत्नी. ती काय पाहत होती हे मला आपल्या कार्यालयात, आपल्या खुर्चीसमोर उभे राहून कळले, आणि मला भीती वाटली. ती जे करी तेच मी केले. टेबलामागे आलो, मानेखाली हात घातला आणि डोके एका कुशीला वळवून खांद्याकडे टेकवले. श्वास लगेच चालू झाला. हात काढून पाहिला तर डोके पुन्हा मागे गेले. म्हणून हात ठेवून उभा राहिलो. शिपाई कागद घेऊन आत आला, त्याने पाहिले, "साहेब विचार करतायत वाटतं," म्हणाला आणि पाय न वाजवता निघून गेला. यावरून त्यास हे दृश्य नवीन नसावे. माझ्या हाताला मुंग्या आल्या. आपण जागे झालात, माझा हात पाहिलात, "हा काय प्रकार आहे?" असे ओरडलात आणि सुनावणी संपली. माझे तोंडी म्हणणे राहिले ते असे.

हे सर्व वाचून माझ्या मनात आपल्याविषयी आदर उत्पन्न झाला असा गैरसमज करून घेऊ नये. आपण आळशी आहात, आपलेच माहितीपत्रक आपण वाचलेले नाही, आणि स्वच्छ आलेखासाठी माणसांना उताणे बांधून ठेवता, हे माझे मत कायम आहे. मला फक्त आपली कीव आली. कीव आली की राग धड करता येत नाही, याचा मला अधिक राग आला आहे.

७. सबब विनंती अशी की,

(अ) माझी फेरतपासणी कुशीवर झोपू देऊन करावी व त्यानुसार मशीनचा दाब ठरवावा. वायर निघाल्यास ती पुन्हा लावावी. वायर लावणे अवघड नाही, तंत्रज्ञास तेवढे येते.

(आ) तोपर्यंत बोट ठोक्याकडे कायम करू नये. माझ्यासाठी नाही तर धक्क्यासाठी तरी.

(इ) मानेस हात घातल्याचा आरोप मागे घेतला नाही तरी चालेल. तो खरा आहे. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घालीन, मग आपण बोट द्या अथवा देऊ नका.

(ई) आपण स्वतःची तपासणी करून घ्यावी. तत्पूर्वी घरी विचारावे. आपल्या पत्नीस सगळे माहीत असेल. माझ्या पत्नीस माहीत होते, पण आपल्या कार्यालयाने तिला काही न विचारता ती झोपलेली असणार असे परस्पर ठरवून टाकले. ती झोपत नव्हती, साहेब. चेंडू शिवल्यापासून झोपते.

कळावे,

आपला (छापील नमुन्यापुरता) नम्र,
(सही)
मुख्य चालक, प्रवासी बोट;
सध्या हरवलेल्या वस्तूंची खोली.

दिनांक : आपल्या पत्रावर नसल्याने हे उत्तर मुदतीत आले आहे असे मानावे.

सोबत :
१. शेजारच्या शिक्षिकाबाईंचे निवेदन, कानांच्या प्रमाणपत्रासह.
२. भिंतीवरील माहितीपत्रक व त्याखालील सूचना यांचे एकत्रित छायाचित्र, टाचणी दिसेल असे.
३. बनियन, नवे, पाठीला खिसा शिवलेले, आत चेंडू. हे पुरावा म्हणून जोडलेले नाही, सबब फायलीत लावू नये. माप आपल्या मानेच्या अंदाजाने मी सांगितले, शिवले पत्नीने. सैल झाल्यास कळवावे, ती आत घेऊन देईल.